मिरजोळ्याच्या बावीचा नारळ

आमच्या देवघरात देव कमी आणि नारळ जास्त असत. पाहुण्यांना वाटे, काय भाविक घर आहे! खरं म्हणजे त्यातला एकही नारळ देवाला वाहिलेला नसे. माझे आजोबा, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, पाणी बघायला जात. कोणाला विहीर, म्हणजे आमच्याकडची बाव, खणायची असली की अण्णांना बोलावणं यायचं. सोललेला, शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवून ते कातळावरून अनवाणी चालत, आणि जिथे नारळ आपोआप उभा राही तिथे कुदळ पडे. पाणी बघण्याचं त्यांनी कधी काही घेतलं नाही, घेतलं तर गुण जातो म्हणत. तो उभा राहिलेला नारळ तेवढा घरी आणायचा, पाणी लागेपर्यंत देवघरात ठेवायचा आणि पाणी लागलं की त्याच विहिरीवर नेऊन फोडायचा, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे देवघरातला एकेक नारळ म्हणजे कुठेतरी चाललेली एकेक विहीर. आई रोज सकाळी तो सगळा संसार हलवून खालची धूळ पुसायची आणि म्हणायची, "एकदाचं पाणी लागू दे यांना सगळ्यांना. देवांना बसायला जागा नाही."

वडील मुंबईत नोकरीला होते, ते मे महिन्यात आंब्यांबरोबर येत आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने परत जात. रत्नागिरीच्या घरात अण्णा, आई आणि मी. आमच्या घराचे आवाज मला अजून ओळीने आठवतात. पहाटे रहाटाचा, मग आईच्या रवीचा, मग अण्णांच्या खडावांचा, आणि उन्हं वर आली की मागीलदारी पार्वतीची हाक, "वयनीनू, शेनी घेताव काय?" पार्वती मिरजोळ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, वाडीतली. डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन ती तिथून चालत यायची. आई तिला केळीच्या पानावर मऊ भात आणि कुळथाचं पिठलं वाढायची. ती जेवण नंतर करायची, आधी आमच्या विहिरीवर जाऊन दोन तांबे पाणी प्यायची आणि मग पाण्याकडे बघत नुसती बसून राहायची. तिच्या वाडीला विहीर नव्हती. डिसेंबरनंतर बायका उतारावरच्या झऱ्यावर जात आणि वाटीवाटीने कळशी भरत. एक खेप म्हणजे अर्धी सकाळ. तिचं मूल पोटातच गेलं होतं त्या चढावर, हे तिने आईला सांगितलं तेव्हा मी ताक घुसळत होते. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण रवी थांबली एवढं आठवतं.

तिच्याच सांगण्यावरून अण्णांनी मिरजोळ्याची विहीर हातात घेतली. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून मी बरोबर. मी पंधरा-सोळा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी आणि त्याचा भयंकर ताठा असलेली. माझं काम वहीत लिहायचं. अण्णा सांगत आणि मी लिहीत असे: कुठल्या विहिरीला किती हातांवर जांभा संपला, किती हातांवर शेडी लागली, उन्हाळ्यात पाणी किती उतरलं. शेडी म्हणजे जांभ्याखालची ती मऊ, पांढुरकी माती. पाणी तिच्यावर येऊन थांबतं. हे वाक्य मी पुढे चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना मोठमोठ्या शब्दांत सांगत आले. अण्णांनी ते मला पायातला काटा काढता काढता सांगितलं होतं.

त्या दिवशी वाडीतली सगळी माणसं सड्यावर जमली होती. धोंडू गावकार, म्हणजे वाडीचा कर्ता माणूस, त्याने नारळ दिला. अण्णांनी डोळे मिटले आणि चालायला लागले. इकडे गेले, तिकडे गेले, एका उंबराच्या रोपापाशी थबकले आणि नारळ हळूहळू उठला. त्याची शेंडी आभाळाकडे झाली. बायकांनी हात जोडले. पार्वती तर खालीच बसली. माझ्या अंगावर काटा आला, आणि शाळेतली हुशार मुलगी असल्यामुळे मला स्वतःच्या त्या काट्याचा रागही आला.

परतताना मी अण्णांना सोडलं नाही. "खरं सांगा, तो उभा कसा राहतो?"  अण्णा वाटेतल्या एका गडग्यावर, दगडी कुंपणावर, टेकले, झोळीतला नारळ काढला, तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "तो कसला राहतो गो! मी करतो. अंगठा जरासा आत घेतला की झालं." आणि नारळ उभा राहिला.

मी बघतच राहिले. मला हसू आलं.

"म्हणजे खोटं?"

"नारळ खोटा. पाणी खोटं नाही," अण्णा म्हणाले. "तो उंबर बघितलास? त्याच्याजवळचं वारूळ? मी तीन पहाटे येऊन गेलोय इथे. सगळा कातळ कोरडा असतो, तेवढ्याच पट्ट्यावर दव राहतं. आणि त्या अंगाच्या चारही विहिरींना बावीस हातांच्या आसपास शेडी लागल्येय, तूच लिहिलंयस. पण हे सांगून कोणी कुदळ उचलील काय? बावीस हात कातळ फोडायचा म्हणजे चेष्टा नाही. हात फुटतात. मधेच माणूस म्हणतो, मरू दे. तेव्हा त्याला आठवायला काहीतरी डोळ्यांनी बघितलेलं लागतं." मग नारळ झोळीत टाकून म्हणाले, "हे आपल्या दोघांत हो, बायो."

आणि मी ते दोघांत ठेवलं नाही.

अण्णांचा धाकटा मुलगा, माझे काका, मुंबईला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. घरातला हा मोठा अभिमान आणि मोठं दुखणंही. बाप नारळ घेऊन पाणी शोधतो आणि मुलगा खडकाचे काप भिंगाखाली ठेवतो, यावरून गावात गमतीने बोलत असत. काका इकडे आले की दोघे हवापाण्याचं बोलत. पाण्याचं मात्र कधीच नाही. काका शहाणे होते, कष्टाळू होते, आणि माझं त्यांच्यावाचून अडलेलं होतं. मॅट्रिकनंतर मला कॉलेजात पाठवायचं तर ते मुंबईत त्यांच्याच घरी राहून, कारण वडील तिथे चौघांबरोबर एका खोलीत राहत. शिवाय ते म्हणत, मुलीला कशाला? काकांनी मला पत्र लिहिलं होतं: तुला शास्त्राची दृष्टी आहे का ते बघू, तिकडच्या विहिरींबद्दल जे पाहशील ते नीट लिहून पाठव. ते पत्र मी उशाखाली घेऊन निजत असे. तेव्हा मी त्यांना चार पानं लिहिली. दव, वारूळ, उंबर, वहीतली सगळी खोली, आणि सुरुवातीलाच, शास्त्राची दृष्टी चांगली ठळक दिसावी म्हणून, नारळाचं. अंगठ्यासकट. पेटीत पत्र टाकताना मला कसलीही टोचणी लागली नाही, हे मी आज मुद्दाम सांगते. मी खुशीत उड्या मारत घरी आले होते.

मिरजोळ्याला मार्गशीर्षात काम सुरू झालं. वाडीतले पुरुष दिवसाआड खणत. लोकल बोर्डाने सुरुंगाची दारू द्यायचं कबूल केलं होतं. फक्त त्यांच्या सल्लागाराचा शेरा यायचा होता. सल्लागार कोण, तर आमचे काकाच. जिल्ह्यातल्या विहिरींसाठी बोर्डाने त्यांना नुकतंच नेमलं होतं. अण्णांना ते कळलं त्या दिवशी त्यांनी कढी दोनदा मागितली.

माघात एका सकाळी आमच्या आळीतले वकील वर्तमानपत्र फडफडवत आले. त्यांच्याकडे नवा रेडिओ आला होता. मोटारीच्या बॅटरीवर चाले, आणि त्याची तार दोन माडांना बांधलेली होती. मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांत काकांचं नाव छापलं होतं: संध्याकाळी मराठी भाषण, विषय 'जमिनीखालचं पाणी'. काकांनी आम्हाला कळवलं नव्हतं. वकील म्हणाले, संकोच हो, विद्वान माणूस आपल्या तोंडाने कसं सांगेल! आम्हालाही तसंच वाटलं. आम्हाला तसं वाटावं, यातच आमचं सगळं भोळेपण आलं.

अण्णांनी मिरजोळ्याला निरोप धाडला. "माझा मुलगा बोलणार आहे. पाण्याबद्दल. या सगळे." धोंडू गावकार आला, खणणारे सगळे पुरुष आले, पार्वती आली. आईने परातभर दडपे पोहे केले, कोकमाचं सरबत केलं. अण्णांनी ठेवणीतला काळा कोट आणि रुमाल बाहेर काढला. कोटाला कापराचा वास येत होता. वकिलांच्या ओटीवर त्यांना पुढची खुर्ची. वाडीची माणसं अंगणात बसली. खोका खरखरला, शिट्ट्या वाजल्या आणि एकदम काकांचा आवाज आला, अगदी घशातल्या त्यांच्या त्या सवयीच्या खाकरण्यासकट. अण्णा खुर्चीतच जरा पुढे सरकले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतकं उघडं सुख मी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर पुन्हा पाहिलेलं नाही.

पहिली काही मिनिटं जांभा, पाऊस, मुरणं असं चाललं. वाडीतली माणसं माना डोलावत होती. मग काका म्हणाले की आपल्या कोकणात एक भोळी समजूत आहे. तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधणारे लोक असतात. अशाच एका नामांकित माणसाने, जो माझ्या अगदी जवळचा आहे, स्वतः कबूल केलं आहे की नारळ उभा राहत नाही, तो उभा केला जातो. "अंगठा जरासा आत घेतला की झालं."

माझं वाक्य. माझ्या पत्रातलं, शब्दाला शब्द. माझ्या हातातलं सरबताचं भांडं खाली पडलं आणि मला त्याचा आवाजसुद्धा आला नाही. कान बंद झाले होते आणि तरी खोक्यातला तो आवाज येतच होता. 'अशा फसवणुकीवर विसंबून गरीब माणसं वर्षानुवर्षं कातळ फोडतात,' असं काहीसं तो म्हणत होता. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान वळवली नाही, माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, आणि त्याचा अंगठा त्यांनी हळूच मुठीत घेतला.

भाषण संपल्यावर वकिलांनी खोका बंद केला.  मग धोंडू गावकार उठून पायरीशी आला.

"अण्णानू, ता तुमच्याबद्दल व्हतं?"

अण्णांना सहज सांगता आलं असतं, नाही रे, दुसरा कोणी. नाव कुठे घेतलं होतं? मी मनात अक्षरशः ओरडत होते, नाही म्हणा, नाही म्हणा.

"माझ्याबद्दलच," अण्णा म्हणाले. "नारळाचं तो बोलला ते खरं. पाणी आहे, तेही खरं. आता अठरा हात झाल्येत. अजून चार हात जा, धोंडू. शेडी लागेल."

"मग आमाला नाचवलंत कशाला?"

याला अण्णांकडे उत्तर होतं. गडग्यावर बसून त्यांनी मला ते दिलं होतं. पण भर अंगणात, ज्यांचे हात फुटले होते त्यांच्यासमोर, ते बोलता येण्यासारखं नव्हतं.  माणसं एकेक करून उठली. पोह्यांना कोणी हात लावला नाही. पार्वती सगळ्यांत शेवटी गेली. जाताना वकिलांच्या विहिरीकडे एकदा बघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून काम बंद. पार्वतीची हाकही बंद झाली. मी दोन दिवस तापाने पडून होते. आईला वाटलं, थंडी बाधली. मला स्वतःची किळस आली होती आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती. अण्णा उशाशी येऊन बसत, कपाळावरची घडी बदलत. मी डोळे मिटून घेत असे.

शिमग्याच्या सुट्टीत काका आले. रत्नागिरीत रेडिओ आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते मुंबईच्या लोकांशी बोलत होते म्हणे! ऐकल्यावर ते पांढरे पडले. पण बोर्डाला शेरा मात्र त्यांनी प्रतिकूलच दिला होता, कारण बापाच्या विहिरीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको. दुपारी पानं मांडली होती. अण्णा, काका शेजारी, मी समोर वाढायला. आईने मनात साठवून ठेवलं होतं ते विचारलं.

"भावजी, हे अंगठ्याचं तुम्हाला सांगितलं कोणी?"

काकांचा घास थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भाताची परात धरून जागीच उभी राहिले.

"मी सांगितलं," अण्णा म्हणाले.

"तुम्ही? कधी?"

"कधीतरी. बापाने मुलाला काही सांगू नये असा कायदा आहे काय? भात वाढ गो बायो, उभी काय राहिलीस."

मी भात वाढला. अण्णांच्या पानात वाढताना माझे डोळे वाहत होते आणि ते वर न बघता म्हणाले, "पुरे, पुरे." भाताला म्हणाले की कशाला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी काकांना एवढंच सांगितलं, "हिला जूनमध्ये घेऊन जा. बंड्याला मी समजावतो." बंड्या म्हणजे माझे वडील. आणि मी गेले. ज्या पत्राने अण्णांचं पाणी बघणं बंद पडलं त्याच पत्रावर मी शिकले. त्यांना परत कोणी पाणी बघायला बोलावलं नाही. पुढे दोन पावसाळ्यांनी ते गेले. बोटी बंद होत्या, मला पंधरा दिवसांनी पत्राने कळलं. देवघरात तेव्हा एकच नारळ उरला होता.

काकांचा विलायतेतल्या मासिकात छापलेला निबंध मी एम.एस्सी.ला असताना वाचला. दव, वारूळ, उंबर, चार विहिरींची खोली, सगळं होतं त्यात. खाली लिहिलं होतं, 'स्थानिक निरीक्षणांवरून'. माझ्या पत्राचं पहिलं पान रेडिओवर गेलं होतं आणि उरलेली तीन विद्वत्तेत गेली होती. मी काकांना बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? पुढे मीही तेच तिन्ही उद्योग केले, कॉलेजात शिकवलं, रेडिओवर भाषणं दिली, सरकारला आणि गावांना पाण्याबद्दल सल्ले दिले. भाषण लिहून झालं की आजही मी त्यातल्या प्रत्येक वाक्याला विचारते, तू कोणाचं?

सल्लागार म्हणून पहिलं काम हातात आलं तेव्हा मी आपण होऊन मिरजोळं मागून घेतलं. बारा-तेरा वर्षं झाली होती. अर्धवट खड्डा करवंदीने भरला होता. मी नकाशा पसरला, शेडीचा उतार समजावला, चार हातच उरल्येत म्हणाले. माणसं ऐकत होती आणि एकाचाही हात हलत नव्हता. धोंडू गावकार काठी टेकून उभा होता. गर्दीतून पार्वती पुढे आली, केस पांढरे झालेले, आणि म्हणाली, "नारल आनलंस काय?"

तो माझ्या पिशवीत होता. का घेतला होता, कोण जाणे. आईने इतकी वर्षं त्याच्याखालची धूळ पुसली होती. आतून वाळून गोटा झालेला, हलवला की खडखडणारा. मी चपला काढल्या, नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि कातळावरून चालायला लागले. सगळ्यांना ठाऊक होतं. रेडिओवर ऐकलेलं ते कोणी विसरलं नव्हतं. तरी सगळे श्वास धरून बघत होते. खड्ड्याच्या काठाशी आले आणि अंगठा जरासा आत घेतला.

साडेतीन हातांवर शेडी लागली. दुसऱ्या सकाळी गुडघाभर पाणी होतं. नारळ मी तिथेच फोडला, खवट झाला होता, तरी बायकांनी तुकडा तुकडा वाटून घेतला. तेव्हा मला राहवलं नाही. मी पार्वतीला बाजूला घेऊन म्हणाले, "पार्वती, त्या वेळी काकांना ते सांगितलं ते अण्णांनी नव्हे."

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "अण्णांनी येऊन सांगितलानी व्हतं, त्याच शिमग्यात. म्हनले, माझ्या नातीनं बोलून पानी घालवलान, तीच शिकून आनील. तोवर तिला काय बोलू नको."

 तोवर म्हणजे बारा-तेरा वर्षं. मी तिच्या हाताला धरायला गेले, पण पहिली कळशी वर आली होती. ती तिने कमरेवर घेतली आणि घराकडे चालायला लागली.